घराच्या भिंतीवरचे उड्या मारणारे कोळी: सोलापुरात नव्याने बघायला लागलेल्यांसाठी

सोलापुरात कोळी बघायचे तर नान्नजचा माळ गाठला पाहिजे, नाहीतर सिद्धेश्वर वनविहारात हिंडलं पाहिजे, असा नव्या माणसाचा समज असतो. माळावर जरूर जा, पण सुरुवात घरापासून करा. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या, म्हणजे जंपिंग स्पायडरच्या, काही जाती माणसाच्या वस्तीला इतक्या सरावल्यात की जगभरच्या उष्ण प्रदेशांत त्या इमारतींच्या आसऱ्यानेच पसरल्या. जुळे सोलापुरातला फ्लॅट असो, साखर पेठेतलं जुनं घर असो की अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली पत्र्याची शेड, तुमच्या आवारात त्यातल्या एक-दोन तरी भेटतीलच.

नवा माणूस अडखळतो तो नावांपाशी. साल्टिसिडी हे कोळ्यांमधलं सगळ्यांत मोठं कुळ, सहा हजारांहून जास्त जातींचं. फोटो काढला, ॲपमध्ये टाकला, पाच नावं आली आणि पाचही सारखीच दिसली, की उत्साह तिथेच मावळतो. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: आधी तीन जाती घ्या. त्यांचे नर आणि मादी वेगवेगळे दिसतात, म्हणजे चेहरे झाले सहा. ते पक्के होईपर्यंत बाकीच्यांना नुसतं 'जंपिंग स्पायडर' म्हणा आणि पुढे चला.

१. आधी तो जंपिंग स्पायडरच आहे का, ते ठरवा

खूण एकच, आणि ती चुकत नाही: तोंडावर समोर रोखलेले दोन मोठे डोळे. डोळे एकूण आठ. चार पुढच्या रांगेत, त्यातले मधले दोन ठळक. बाकीचे चार डोक्याच्या वरच्या बाजूला, दोन-दोन करून. तुम्ही बाजूने हात हलवलात आणि कोळी गर्रकन वळून तुमच्याकडे बघायला लागला, तर निम्मं काम झालं. दुसरे कोळी पळतात, हा वळून बघतो.

गल्लत कुणाशी होते, तेही बघून ठेवा. छताच्या कोपऱ्यात लांब काडीसारख्या पायांचा, हात लावला की थरथरणारा असतो तो जळमटं करणारा. रात्री भिंतीवर पाय पसरून बसलेला, तळहाताच्या मापाचा, चपटा असतो तो हंट्समन. जमिनीवर धावणारा आणि बॅटरीच्या उजेडात डोळे लकाकणारा बहुधा वुल्फ स्पायडर. त्याचेही दोन डोळे मोठे असतात, पण त्यांच्या खाली चार बारक्या डोळ्यांची वेगळी रांग असते. जंपिंग स्पायडरमध्ये तशी रांग नसते.

पाय मोजताना घोळ होतो. तोंडाजवळ दोन आखूड पायांसारखे अवयव असतात, त्यांना पाल्प म्हणतात. नवीन माणूस तेही मोजतो आणि दहा पायांचा कोळी सापडला म्हणून फोन करतो. पाय आठच. पाल्प मात्र लक्षात ठेवा, पुढे नर-मादी ओळखायला तेच कामाला येतात.

२. सामान

- मोबाईल, आणि जमलं तर त्याला चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स. साधीही चालते.
- छोटी बॅटरी आणि तिच्या तोंडावर लावायला टिश्यू पेपर.
- झाकणाची पारदर्शक डबी आणि जाड गुळगुळीत कागद. जुनी लग्नपत्रिका उत्तम.
- मिलिमीटरच्या खुणा असलेली शाळेतली पट्टी.
- वही. मोबाईलमधली नोंद चालते, पण रात्री जिन्यात उभं राहून लिहायला वही बरी.

कागदपत्रं घरच्या घरी काहीच लागत नाहीत. दुसऱ्याच्या भिंतीला मात्र आधी विचारा. सोसायटीचा जिना, शेजाऱ्याचं कुंपण, यंत्रमागाची शेड, कुठेही संध्याकाळी बॅटरी घेऊन मीटरच्या पेटीपाशी वाकलात की कुणीतरी विचारणारच, "काय मालक, लाइट बिल थकलंय काय आमचं?" ओळखपत्र खिशात असू द्या आणि मोबाईलमधला एखादा फोटो दाखवा. डोळ्यांचा फोटो दाखवला की विचारणारा माणूस स्वतःच कोळी शोधायला लागतो. अभयारण्यात जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. तिथला कोळीच काय, दगडसुद्धा उचलून आणायचा नाही.

३. जागा आणि वेळ

तीन जागा लक्षात ठेवा: उन्हाची बाहेरची भिंत, रात्री दिवा लागतो तो व्हरांडा किंवा जिना, आणि ओलसर सावलीची जागा, म्हणजे न्हाणीघर किंवा कुंड्यांची रांग.

वेळेचं गणित सोलापूरचं वेगळं आहे. हे कोळी दिवसा, डोळ्यांच्या जोरावर शिकार करणारे, त्यामुळे पुस्तकात 'उन्हात शोधा' असं वाचायला मिळतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेल्यावर दुपारच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा, म्हणजे तिथे कोळी का नाही ते कळेल. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत पूर्वेची भिंत बघा आणि ऊन कलल्यावर सावलीची. हिवाळ्यात, गड्ड्याच्या दिवसांत, उलट करा. ऊन अंगावर घ्यायला ते दहा-अकराला बाहेर येतात. सगळ्यांत चांगले दिवस पावसाळा ओसरतानाचे. माशा, चिलटं, पाकोळ्या सगळं भरपूर असतं, आणि त्यांच्यामागे कोळीही.

भिंत बघताना नजर भिंतीवरून फिरवत राहू नका. दाराची चौकट, नावाची पाटी, मीटरची पेटी, पाइपचा क्लॅम्प, खिडकीच्या गजाचा सांधा, अशा कडांपाशी थांबा. कोळी तिथून निघतो आणि तिथेच परततो. अशा फटीत पांढऱ्या रेशमाची बारकी चपटी पिशवी दिसली तर ते त्याचं घर. रात्र तो त्यात काढतो, कात त्यातच टाकतो, आणि मादी अंडीही तशाच पिशवीत घालून राखण करते. ती उघडून बघायचा मोह आवरा.

४. तीन जाती, सहा चेहरे

आधी नर-मादी. पूर्ण वाढलेल्या नराच्या पाल्पची टोकं फुगलेली असतात, बॉक्सिंगचे ग्लोव्हज घातल्यासारखी. मादीचे पाल्प सडपातळ. पिल्लं बहुधा मादीसारखी दिसतात, म्हणून अगदी लहान कोळ्याला जातीचं नाव द्यायच्या भानगडीत पडू नका.

मेनेमेरस बायविट्टॅटस हा उन्हाच्या भिंतीचा मालक. करडा, केसाळ, लांबी एका सेंटिमीटरच्या आतबाहेर आणि अंगाने इतका चपटा की नावाच्या पाटीमागे सहज सरकतो. नराच्या पोटावर मधोमध गडद पट्टा आणि कडेने पांढरट किनार. मादी फिकट. तिचे गडद पट्टे पोटाच्या दोन्ही कडांनी जातात आणि मागच्या टोकाला एकमेकांना मिळतात. पट्टा मध्ये की कडेला, एवढं बघितलं तरी जोडी सुटते.

याची शिकार बघायला वेळ काढा. भिंतीवर माशी येऊन बसते, पाय चोळायला लागते. कोळी आधी तोंड तिच्याकडे करतो आणि थिजतो. मग दोन-चार पावलं. माशी जरा हलली की पुन्हा स्तब्ध. अंतर कमी होत जातं तसं तो अंग भिंतीला चिकटवतो, आणि शेवटच्या टप्प्यात पोटाचं टोक भिंतीला क्षणभर टेकवतो. ते टेकवणं निसटू देऊ नका: तो रेशमाचा धागा चिकटवत असतो. पुढच्याच क्षणी उडी. निशाणा चुकला तरी तो खाली पडत नाही, धाग्याला लोंबकळतो आणि वर चढून येतो. उडी मारायला टोळासारख्या जाडजूड मांड्या त्याला नसतात. शरीरातल्या द्रवाचा दाब एकदम वाढवून तो मागचे पाय झटक्यात ताठ करतो.

प्लेक्सिपस पायकुल्ली व्हरांड्यात भेटेल. अंगापिंडाने तिघांत दणकट. नर काळा, आणि डोळ्यांमधून निघालेला पांढरा पट्टा पाठीवरून थेट पोटापर्यंत गेलेला. पोटाच्या मागच्या भागात दोन पांढरे ठिपके. मादी तपकिरी-करडी, मधला पट्टा रुंद आणि मातकट, ठिपके तिलाही असतात. दिवसाचा प्राणी असूनही हा दिव्याखाली रात्रीही शिकार करतो, कारण किडे आयते चालून येतात. ट्यूबलाइटच्या एका बाजूला पाल आणि दुसऱ्या बाजूला प्लेक्सिपस, असं दृश्य आपल्याकडे दुर्मिळ नाही. पालीच्या टप्प्यात आला तर तो तिचंही जेवण होतो.

इथे एक सापळा आहे. याचाच भाऊबंद प्लेक्सिपस पीटर्सी हाही भारतात घरांच्या आसपास असतो. पायकुल्लीचा नर ठसठशीत काळा-पांढरा असेल तर प्रश्न नाही, पण तपकिरी मादी दिसली आणि खात्री वाटत नसेल तर वहीत नुसतं 'प्लेक्सिपस' लिहा. अर्धं नाव बरोबर असणं पूर्ण नाव चुकण्यापेक्षा नोंदीसाठी कामाचं असतं.

हॅसॅरियस ॲडॅन्सोनी लहान, सहा ते आठ मिलिमीटरचा. याला सावली आणि ओल आवडते. थंड देशांत तो काचगृहांतल्या झाडांमध्ये राहून निभावतो, आपल्याकडे न्हाणीघराची खिडकी आणि कुंड्यांच्या मागची जागा त्याला पुरते. नर एकदा दिसला की विसरत नाही: काळं अंग, चेहऱ्यावर डोळ्यांभोवती लालसर भाग, पाल्पवर पांढरे केस, पोटाच्या पुढच्या कडेला पांढरी कोर. मादी साधी तपकिरी, आणि सहा चेहऱ्यांत ओळखायला सगळ्यांत अवघड. शेजारी नर दिसला तरच मी तिचं नाव लिहितो.

जातीच्या नावापुढे माणसाचं नाव आणि वर्ष असतं, तेही वाचायला शिका. पायकुल्ली आणि ॲडॅन्सोनी या दोन्हींपुढे ऑदुअँ, १८२६ असं दिसेल, बायविट्टॅटसपुढे दुफूर, १८३१. जातीचं पहिलं वर्णन कुणी आणि कधी केलं, त्याची ती नोंद.

कुंडीतल्या झाडांवर, वेलींवर चौथा-पाचवा पाहुणा येणारच. मुंगीचं सोंग घेणारे जंपिंग स्पायडर तर हमखास फसवतात. कंबर बारीक, चाल मुंगीची, आणि पुढचे दोन पाय मिशांसारखे हवेत हलवत चालतात. मुंगीला सहा पाय, शिवाय मिशा. मिशा नसून तेही पायच आहेत असं दिसलं, आणि ती 'मुंगी' धागा सोडून खाली लोंबली, तर समजून घ्या.

५. जवळ कसं जायचं

त्याला तुम्ही दिसता, हे गृहीत धरा. मोठ्या दोन डोळ्यांनी तो बारकावे बघतो, बाकीचे डोळे जवळपास चहूबाजूंची हालचाल टिपतात. मोठे डोळे डोक्यात घट्ट बसवलेले असतात, ते फिरत नाहीत. आतला पडदा मात्र फिरतो. मॅक्रो लेन्समधून समोरून बघताना डोळ्याचा रंग काळ्याचा तपकिरी, पुन्हा काळा होताना दिसला, तर त्या क्षणी तो आतला पडदा हलवून तुमचं निरीक्षण करतोय.

सावली त्याच्यावर पडू देऊ नका. समोरून या, वरून झडप घातल्यासारखं येऊ नका. एक हात अंतरावर थांबा, त्याने बघून घेतलं आणि तो आपल्या कामाला लागला की पुढे सरका. घाई झाली की तो पाटीमागे जातो, आणि मग तिथे वाट बघत बसायचं.

रात्रीच्या बॅटरीवर लाल जिलेटीन लावायची युक्ती कुणीतरी सांगेल. त्याआधी एक प्रयोग ऐका. जपानमधल्या संशोधकांनी २०१२ साली आपल्याच या ॲडॅन्सोनीवर तो केला. हिरव्या उजेडात कोळ्यांच्या उड्या नेमक्या पडल्या, लाल उजेडात अंतर चुकलं आणि उड्या आखूड पडल्या. अंतराचा अंदाज ते डोळ्यातल्या धूसर आणि स्पष्ट प्रतिमेच्या फरकावरून घेतात आणि त्यासाठी त्यांना हिरवा प्रकाश लागतो. तेव्हा लाल उजेड टाकून त्याला शिकार करताना बघायचं म्हणाल, तर जे दिसेल ते त्याचं नेहमीचं वागणं नसेल. साधा मंद पांढरा उजेड, टिश्यू लावून, पुरे.

छोटा आरसा जवळ असेल तर नरापुढे धरून बघा. स्वतःच्या प्रतिमेला दुसरा नर समजून तो पुढचे पाय उंच करतो. एक-दोन मिनिटं बघा आणि आरसा काढा, उगाच दमवू नका.

६. फोटो

समोरून चेहऱ्याचा फोटो सगळ्यांना आवडतो, पण नुसत्या चेहऱ्यावरून ओळख क्वचितच होते. चार कोन घ्या: वरून पाठ आणि पोट, समोरून चेहरा, एक बाजू, आणि पाल्प दिसेल असा एक जवळचा. वरचा फोटो आधी घ्या, कारण पळून गेला तर तोच उपयोगी पडतो.

पांढऱ्या, चुन्याच्या भिंतीवर मोबाईल फसतो. भिंत उजळ म्हणून तो सगळं चित्र अंधारं करतो आणि कोळी काळा गोळा होतो. स्क्रीनवर कोळ्यावरच बोट ठेवून फोकस करा आणि उजेडाची पट्टी वर सरकवा. भिंत थोडी जास्त पांढरी झाली तरी चालेल. एका फोटोत जवळ पट्टी धरा. फोटो मोठा करून बघणाऱ्याला सहा मिलिमीटरचा कोळी आणि बारा मिलिमीटरचा कोळी सारखाच वाटतो.

७. डबीत धरायचा असेल तर

गरज क्वचित पडते. कोळ्यावर डबी पालथी ठेवा, खालून पत्रिका हळूच सरकवा. उडी मारून हातावर आला तर झटकू नका, तो स्वतःच पुढे निघून जातो. फोटो झाले की लगेच, ज्या भिंतीवर धरला त्याच भिंतीवर सोडा. डबी गाडीत किंवा उन्हात ठेवायची नाही. आपल्या उन्हात बंद डबी किती लवकर तापते ते सांगायला नको.

८. नोंद आणि नाव

आयनॅचरलिस्ट हे मोफत ॲप नव्या माणसाला सोपं जातं. फोटो टाकताना तारीख आणि जागा तपासा. स्वतःच्या घरचा फोटो असेल तर जागेची नोंद 'ऑब्स्क्युअर्ड' करा, नाहीतर तुमच्या घराचा पत्ता नकाशावर जगाला दिसतो. हे बरेच जण विसरतात.

ॲप स्वतःहून नाव सुचवेल. ते डोळे झाकून स्वीकारू नका. त्या जातीचा आढळ भारतात आहे का, ते आधी बघा. शंका असेल तर साल्टिसिडी एवढंच लिहून सोडा, जाणकार पुढे नेतील. कुणी तुमचं नाव खोडलं तर कारण विचारा. शिकायचं ते तिथेच मिळतं.

फोटोची हद्दही ओळखा. बऱ्याच जाती खात्रीने वेगळ्या करायला नराचा पाल्प आणि मादीची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात. आणि शहरात नवीन काही सापडत नाही, असं समजू नका. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका जंपिंग स्पायडरला २०२१ मध्ये आयसियस तुकारामी हे नाव मिळालं, २६/११ च्या हल्ल्यात कसाबला धरताना हुतात्मा झालेले पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ.

वहीत मात्र नावापेक्षा जास्त लिहा: भिंत कुठल्या दिशेची, वेळ, ऊन की सावली, काय खात होता. भिंतीवर कुंभारमाशीचं मातीचं घर दिसलं तर तेही लिहा. ती कोळ्यांना डंख मारून लुळं करते आणि पिल्लांच्या शिदोरीसाठी मातीच्या कोठडीत भरते. त्यात जंपिंग स्पायडरही असतात. भोक पडलेलं, सोडून दिलेलं घर फोडलंत तर आत कधीकधी वाळलेले कोळी मिळतात.

९. घरच्यांचं काय

तीन प्रश्न येतात. पहिला, विषारी आहे का. माणसाला धोका व्हावा असं यांचं विष नाही. चावतच नाहीत म्हटलं तरी चालेल, अगदी बोटांत चिरडला गेला तर चिमटा काढतील. दुसरा, अंगावरून कोळी गेला की फोड उठतात, हा समज. पावसाळ्यात दिव्याला येणारा एक लांबट, काळा-नारिंगी बारीक किडा अंगावर चिरडला गेला की त्याच्या अंगातल्या रसाने तशी आग होते आणि फोड येतात. शिवाय नागीण हा विषाणूचा आजार आहे. दोन्हींचं खापर कोळ्यावर फुटतं. फोड असतील तर डॉक्टरांना दाखवा.

तिसरा प्रश्न व्हॉट्सॲपवरून येतो: टॉयलेट सीटखाली लपणारा जीवघेणा कोळी. ही अफवा इंटरनेटवर १९९९ पासून फिरते आहे, आणि नंतरच्या एका आवृत्तीत तिला टेलॅमोनिया डिमिडिआटा या, भारतातही आढळणाऱ्या, निरुपद्रवी जंपिंग स्पायडरचं नाव जोडलं गेलं. घरच्या ग्रुपवर आला तर हे उत्तर टाका.

दिवाळीच्या साफसफाईत जळमटं खुशाल काढा, ती यांची नसतात, हे जाळं विणत नाहीत. चौकटीतल्या चपट्या पांढऱ्या पिशव्या मात्र राहू द्या. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावणार असाल तर स्वयंपाकघर आणि गटाराच्या जाळ्या एवढंच करायला सांगा, बाहेरच्या भिंतीवर फवारा मारू देऊ नका. रंगकाम काढलंत तर रंगाऱ्याला आधी चौकटी आणि पाट्या दाखवून ठेवा. पिशवीत मादी असेल तर कागदाने सगळं अलगद सोडवून कुंड्यांमागे ठेवता येतं. पिल्लं बाहेर पडून पांगलेली असली की ती जागा रंगवायला मोकळी.